गाडीच्या अलार्मचा सायरन घरच्या घरी कसा बदलायचा

गेल्या जुलैत आमच्या कोथरूडच्या सोसायटीत रात्री पावणेतीनला माझ्या गाडीचा सायरन वाजायला लागला. रिमोट दाबला, गाडी उघडली, परत लॉक केली, तरी तो थांबेना. दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांची बायपास होऊन तेव्हा जेमतेम तीन आठवडे झाले होते. ते काही बोलले नाहीत, पण सकाळी जिन्यात भेटले तेव्हा झोप न झाल्याचं त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. मला फार वाईट वाटलं.

ॲक्सेसरीजच्या एका दुकानात गेलो, तर गाडी न बघताच "सगळी सिस्टीमच बदला" असं सांगितलं. दुसरीकडे बॉनेटचा स्विच बदलून दिला. त्या रात्रीही भोंगा वाजलाच. शेवटी आमच्या वॉचमनकाकांनी सहज सांगितलं, "साहेब, लाइट लागत नव्हते हो. नुसता भोंगाच ओरडत होता." खरं निदान त्या वाक्यात होतं. ते का, हे खाली पहिल्याच पायरीत सांगतो. पुढे नवीन सायरन मी स्वतः पार्किंगमध्ये बसवला. साडेचारशे रुपये आणि एक सकाळ, एवढ्यात काम झालं. तुमचे पैसे आणि शेजाऱ्यांची झोप वाचावी म्हणून सगळं क्रमाने लिहितो आहे.

हे सगळं बाहेरून बसवलेल्या सिक्युरिटी सिस्टीमबद्दल आहे, म्हणजे गाडी घेताना शोरूममध्ये किंवा नंतर दुकानात बसवून घेतलेल्या.

१. दोष सायरनचाच आहे का, ते आधी ठरवा

ही पायरी सोडू नका. सायरन काढणं हे दोन स्क्रूंचं काम आहे. माझा सगळा वेळ आणि पैसा गेला तो चुकीच्या निदानात.

*सायरन आपोआप वाजतो.* अशा वेळी धावत खाली जाऊन लगेच रिमोट दाबू नका, आधी इंडिकेटरकडे बघा. अलार्मच्या मुख्य युनिटला काही खटकलं की ते सायरनसोबत इंडिकेटरही उघडझाप करतं. दिवे लागत असतील तर सायरन फक्त हुकूम पाळतो आहे, दोष दुसरीकडे आहे. दिवे बंद आणि भोंगा चालू, तर बहुधा सायरनच बिघडला आहे. हे बहुतेक आतमध्ये स्वतःची छोटी बॅटरी असलेल्या सायरनचं होतं. ती बॅटरी म्हातारी झाली की पाझरते, आतली सर्किटची पट्टी खराब होते आणि सायरन मनाला येईल तेव्हा वाजतो. माझ्या गाडीचं हेच झालं होतं.

दिवेही लागत असतील तर संशयित तीन. पहिला बॉनेटखालचा स्विच. त्याची खिट्टी गंजून अडकते किंवा वरचं रबर फाटून पाणी जातं. त्याची वायर काढा, सुट्या टोकाला टेप लावा आणि एक रात्र तसंच ठेवा. टेप विसरलात आणि ते टोक बॉडीला टेकलं तर बॉनेट उघडलं आहे असं समजून अलार्म पुन्हा वाजेल. दुसरा संशयित शॉक सेन्सर, म्हणजे डॅशबोर्डखालची छोटी डबी. तिच्यावर एक बारीक फिरता स्क्रू असतो. बाजूने पीएमपीची बस गेली किंवा ढग गडगडले की भोंगा वाजत असेल, तर तो स्क्रू थोडा कमीकडे फिरवा. तिसरा संशयित म्हणजे गाडीची बॅटरी. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी सकाळी मीटरवर (व्होल्ट मोजायचं यंत्र, मल्टिमीटर) १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवी. १२.२ च्या खाली असेल तर आधी तिच्याकडे बघा. या तिन्हींतलं एका रात्री एकच बदला. सगळं एकदम केलंत तर दोष कशात होता ते कधीच कळणार नाही.

*सायरन वाजतच नाही, किंवा बसलेल्या गळ्यासारखा वाजतो.* बॉनेट उघडून सायरनचा प्लग काढा. मदतनीसाला रिमोटवरचं पॅनिक बटण दाबायला सांगा आणि प्लगच्या दोन टोकांवर टेस्ट लॅम्प (करंट येतो का ते दाखवणारा, दोन वायरींचा बल्ब) धरा. दिवा लखलखीत लागला तर वायरिंग चांगलं आहे, सायरन गेला आहे. लागलाच नाही तर फ्यूज, वायर किंवा युनिट तपासा. पार्किंगमधल्या उंदरांनी वायर कुरतडलेली सापडणं पुण्यात अगदी नेहमीचं आहे.

इथे दोन गोष्टी मी चुका करून शिकलो. लॉक करतानाचा "चिक" आवाज इतका क्षणभराचा असतो की साधा डिजिटल मीटर तो पकडतच नाही, आकडा हलायच्या आत काम संपतं. म्हणून पॅनिक बटणच वापरा, ते सायरन वाजवत ठेवतं. दुसरं म्हणजे फक्त मीटरवर विसंबू नका. आतून गंजलेली, एकाच तारेवर टिकलेली वायरसुद्धा मीटरला पूर्ण १२ व्होल्ट दाखवते, कारण मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही. पाच वॉटचा पार्किंगचा बल्ब लावला की तीच वायर उघडी पडते, बल्ब मिणमिणतो.

२. सायरनचा प्रकार ओळखा

बहुतेक वेळा तो इंजिनच्या मागच्या पत्र्यावर किंवा बॅटरीच्या आसपास, काळ्या प्लास्टिकच्या कर्ण्यासारखा दिसतो. बाहेर येणाऱ्या वायरी मोजा.

दोनच वायरी असतील तर साधा सायरन. लाल प्लस, काळी अर्थ (अर्थिंगची, म्हणजे मायनस). युनिट लाल वायरीत १२ व्होल्ट सोडतं आणि तो वाजतो. नवशिक्याने हा निर्धास्तपणे बदलावा.

तीन किंवा जास्त वायरी आणि बाजूला बारीक किल्लीचं भोक असेल तर तो बॅटरी बॅकअपचा. एका वायरीत कायमचा करंट, एक अर्थ, आणि उरलेल्या हुकुमाच्या, म्हणजे युनिट ज्यांतून "वाज" असं सांगतं त्या. चोराने गाडीची बॅटरी तोडली तरी ओरडत राहावं म्हणून ही सोय. बदलताना त्याच प्रकारचा घ्या. हुकूम प्लसचा आहे की मायनसचा, हे कंपनीच्या कागदावर बघितल्याशिवाय बॅकअपच्या जागी साधा सायरन जोडू नका. मायनसच्या हुकुमाला मध्ये रिले (करंटने चालू-बंद होणारा छोटा स्विच) लागू शकतो. ते समजत नसेल तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा, त्यात कमीपणा नाही.

वेगळा सायरन सापडलाच नाही तर गोंधळू नका. अनेक गाड्यांत कंपनीचा अलार्म गाडीचाच हॉर्न वाजवतो. तिथे बिघाड हॉर्नमध्ये शोधायचा. आणि युरोपीय गाड्यांच्या कारखान्यातून आलेल्या सायरनला हात लावू नका. तो गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलतो, नवीन बसवल्यावर स्कॅनरने नोंदवावा लागू शकतो.

इलेक्ट्रिक गाडी असेल तर बॉनेटखालच्या जाड नारिंगी केबल उच्च दाबाच्या असतात. त्यांच्या जवळ काम येत असेल तर घरी करू नका. पिवळ्या आवरणातल्या वायरी एअरबॅगच्या, त्यांना कुठल्याच गाडीत टेस्ट लॅम्प लावायचा नाही.

३. कागद आणि हत्यारं

कागद तीन बघा. सिस्टीमसोबत मिळालेला वायरिंगचा कागद, गाडीचं वॉरंटी कार्ड (मुदत चालू असेल तर वायर कापण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारा) आणि विम्याची पॉलिसी. विम्याचं कुणाच्या लक्षात येत नाही. आपल्या वेताळ टेकडीवरच्या, गाड्यांच्या चाचण्या घेणाऱ्या एआरएआय या संस्थेने मान्यता दिलेलं चोरीविरोधी उपकरण बसवलं असेल, तर ओन डॅमेज प्रीमियमवर (आपल्याच गाडीच्या नुकसानीसाठीचा हप्ता) २.५ टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये सूट असते. ती घेतली असेल तर ते उपकरण मुदतभर चालू स्थितीत ठेवण्याची अटही त्यात येते. "त्रास नको" म्हणून सायरन कायमचा तोडून टाकण्याआधी हे वाचा.

हत्यारं:

- दहा नंबरचा पाना (बॅटरीच्या टर्मिनलला बहुतेक हाच लागतो), स्टार स्क्रूड्रायव्हर, पक्कड, वायर सोलायचा कटर
- मीटर आणि टेस्ट लॅम्प. लॅम्प घरीही होतो, होल्डर, १२ व्होल्ट ५ वॉटचा बल्ब आणि दोन वायरी
- सोल्डरिंग आयर्न, सोल्डर, आणि आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आकसून वायरीवर घट्ट बसणारी नळी). पार्किंगमध्ये वीज नसेल तर क्रिम्पचे जोड (दाबून बसवायच्या धातूच्या नळ्या) आणि ते दाबायची पक्कड
- पॉलिश पेपर, केबल टाय, थोडं ग्रीस, मास्किंग टेप आणि पेन
- कानात घालायचे बोळे, जुनी गोधडी

बोळे आणि गोधडी उगाच लिहिलेली नाहीत. या सायरनवर ११० ते १२० डेसिबल लिहिलेलं असतं आणि तुमचं डोकं त्याच्यापासून फूटभरावर असणार आहे.

४. नवीन सायरन आणताना

जुना सायरन आणि त्याच्या लेबलचा फोटो घेऊन जा. मोटारीच्या सुट्या भागांसाठी नाना पेठ, आणि स्लीव्ह, सोल्डर, क्रिम्प वगैरेसाठी बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, दोन्ही एका फेरीत होतात. रविवारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात.

दुकानात हे बघा. १२ व्होल्टचाच आहे ना, ट्रकचा २४ चा नाही. वायरी जुन्याइतक्याच आहेत ना. किती अँपिअर ओढतो. जुन्यापेक्षा जास्त ओढणारा घेतला तर युनिटचं सायरनचं टोक त्याला पुरत नाही आणि युनिट जळण्याची भीती असते. साधा सायरन साधारण दीड अँपिअरच्या आत असतो. "अजून मोठ्या आवाजाचा देऊ का" असं विचारतील, नको म्हणा. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची मर्यादा ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे ४५ डेसिबल आहे. आपला सायरन आधीच तिच्या कितीतरी वर आहे.

पैसे देण्याआधी काउंटरवर पाच सेकंद वाजवून घ्या. बॅकअपचा असेल तर दोन्ही किल्ल्या मोजून घ्या आणि एक घरी ठेवा.

५. बॅटरी काढण्याआधी

काम सकाळी दहा-अकराच्या सुमारास करा. दुपारी एक ते चार नको, वडीलधारी आणि लहान मुलं झोपलेली असतात. वॉचमनकाकांना आणि आजूबाजूच्या दोन-तीन घरांना आधी सांगून ठेवा. मी सोसायटीच्या ग्रुपवर आदल्या रात्रीच लिहिलं होतं. वरच्या काकूंनी त्या वेळात आजोबांना फिरायला नेलं.

इंजिन थंड हवं. गाडी सावलीत घ्या. अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. बॅटरीचं प्लस आणि बॉडी यांच्यामध्ये अंगठी आली तर क्षणात लाल होते आणि बोट भाजतं.

आता क्रम पाळा.

पुढची एक काच पूर्ण खाली करा आणि किल्ली खिशात ठेवा. सीटवर किंवा इग्निशनमध्ये नको. बॅटरी परत जोडताच काही युनिट स्वतःहून सगळी दारं लॉक करतात. किल्ली आत राहिली तर मग वेगळीच धावपळ.

सिस्टीमला व्हॅलेचं, म्हणजे अलार्म तात्पुरता बंद ठेवायचं बटण असेल (बहुधा डॅशबोर्डखाली असतं) तर त्या मोडमध्ये टाका. सायरनला किल्ली असेल तर आत्ता बंदकडे फिरवा. हे विसरून बॅटरी काढली तर सायरनला चोरीच वाटते आणि तो पूर्ण जोमाने वाजतो. किल्ली हरवली असेल तर बोळे घाला, आधी सायरनभोवती गोधडी गुंडाळा आणि मगच पुढे जा.

मग बॅटरीचं मायनस टर्मिनल काढा. आधी मायनसच. प्लसपासून सुरुवात केली आणि पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट. काढलेलं टोक कापडात गुंडाळून बाजूला सारा. घड्याळ, रेडिओची स्टेशनं आणि काही गाड्यांत काच एका दाबात वर जाण्याची सोय यानंतर पुन्हा लावावी लागते. रेडिओला कोड असेल तर तो आधी शोधून ठेवा.

६. जुना सायरन काढा

आधी फोटो काढा, लांबून एक आणि वायरी स्पष्ट दिसतील असा जवळून एक. प्रत्येक वायरीवर मास्किंग टेपचा तुकडा लावून तिचं काम लिहा. वायरीचा रंग बघून ठरवू नका. माझ्या गाडीत आधीच्या माणसाने काळ्या वायरीला पुढे निळी जोडली होती.

प्लग असेल तर तो काढा. नसेल तर वायरी सायरनच्या अगदी जवळ कापा, म्हणजे गाडीच्या बाजूला लांबी शिल्लक राहते. सगळ्या एकाच ठिकाणी कापू नका. एक इथे, दुसरी दीड-दोन इंच अलीकडे. पुढे जोड एकमेकांशेजारी येत नाहीत आणि आवरण फाटलं तरी शॉर्ट होत नाही. मग ब्रॅकेटचे स्क्रू काढा.

मी जुना सायरन हातात घेऊन हलवला तर आत काहीतरी खुळखुळलं. मागचं झाकण उघडलं. बॅटरीच्या तीन गोळ्यांवर मिठासारखी पांढरी पूड साचली होती आणि खालच्या पट्टीवरच्या तांब्याच्या रेषा हिरव्या होऊन मध्येच तुटल्या होत्या. तीन रात्री सगळी विंग जागी ठेवणारं कारण नखाएवढं होतं. तुम्ही उघडलात तर त्या पुडीला उघड्या हाताने स्पर्श करू नका, ती त्वचेला आणि डोळ्यांना बाधते.

७. नवीन बसवा

जागा तीच ठेवा, पण कर्ण्याचं तोंड बघा. ते खाली किंवा खाली-तिरकं हवं. वर तोंड असलेला सायरन पावसाळ्यात पेल्यासारखा भरतो. वॉशिंग सेंटरवर बॉनेट उघडून प्रेशरने पाणी मारलं तरी तेच होतं. एक्झॉस्टच्या गरम भागापासून, पंख्यापासून आणि इंजिनच्या फिरत्या पट्ट्यापासून (बेल्ट) लांब ठेवा.

अर्थची वायर बॉडीच्या बोल्टला जात असेल तर तिथला रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत करा, मग आवळा आणि वर ग्रीसचं बोट फिरवा. बसलेल्या गळ्याचे कित्येक सायरन एवढ्यानेच सुधारतात.

आता जोड. नुसतं पीळ देऊन काळी टेप गुंडाळायची पद्धत सर्रास दिसते. बॉनेटखालच्या उष्णतेत त्या टेपचा डिंक पाघळतो, ती सुटते आणि एका पावसाळ्यात आतलं तांबं हिरवं पडतं. म्हणून सोल्डर करा. पण त्याआधी स्लीव्ह वायरीत ओवा. मी पहिला जोड सुंदर केला आणि मग लक्षात आलं, स्लीव्ह डबीतच राहिली. पुन्हा कापावा लागला. सोल्डर गार झाल्यावर स्लीव्ह जोडावर सरकवा आणि गरम हवेने, ती नसेल तर लायटर लांब धरून आवळा. दोन्ही टोकांतून गोंदाचा बारीक कड बाहेर आलेला दिसला की पाणी आत जाणार नाही.

लाल-काळी उलट झाली तर सायरन कायमचा जाऊ शकतो. टेपवर लिहिलेलं पुन्हा वाचा. फ्यूज बदलावा लागला तर जुना जितक्या अँपिअरचा होता तितक्याचाच घाला. वायरी केबल टायने बांधताना किंचित ढील ठेवा.

८. जोडा आणि तपासा

रिमोट हातात, कानात बोळे, कर्ण्यावर गोधडी. बॅटरीचं मायनस जोडा. युनिट आधीच्या अवस्थेत जागं होऊन लगेच ओरडू शकतं, अनलॉक दाबलं की गप्प होतं. बॅकअप सायरनची किल्ली यानंतर, सगळ्यात शेवटी चालू करा. व्हॅले मोड काढा.

मग एक-एक बघा. लॉक-अनलॉकचा चिक आवाज. काच खाली ठेवून गाडी लॉक करा, मिनिटभर थांबा, हात आत घालून दार उघडा. सायरन वाजायला आणि इंडिकेटर लागायला हवेत. बॉनेट उघडून तेच पुन्हा करा. दोन-तीन सेकंद पुरे, पूर्ण फेरी वाजू देण्याची गरज नाही.

पहिल्या रात्री वॉचमनकाकांना सांगून ठेवा की भोंगा वाजलाच तर इंडिकेटर लागत होते का तेवढं बघा.

९. जुन्या सायरनचं काय

ओल्या किंवा सुक्या कचऱ्यात टाकू नका, कचरा वेगळा करणाऱ्या ताईंच्या हाताला ती पूड लागते. जाड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा, वर "बॅटरी आहे" असं मोठ्या अक्षरात लिहा आणि ई-कचरा गोळा होतो तिथे द्या. काही दिवस घरी ठेवावा लागला तर गोधडीत गुंडाळून गॅलरीत ठेवा, कारण उरल्यासुरल्या करंटवर तो मध्येच एकदा ओरडू शकतो. माझा दुसऱ्या दिवशी दुपारी ओरडला होता.

पहिला मोठा पाऊस झाला की बॉनेट एकदा उघडा. कर्ण्याच्या तोंडाशी पाण्याचा थेंब अडकला आहे का, स्लीव्ह घट्ट आहेत का आणि उंदरांनी नवीन वायरीला तोंड लावलं आहे का, एवढं बोटाने चाचपून बघा.